वनभ्रमण व दिशाशोधन

मळलेली वाट, खुणेचे दगड वा वस्ती नसलेल्या नैसर्गिक अरण्यातून पायी जाणे आणि जाताना आपले स्थान, दिशा व गंतव्य यांचे भान राखून इष्ट स्थळी सुखरूप पोहोचणे, यास वनभ्रमण व दिशाशोधन असे म्हणता येईल. शिकार, मध व डिंक गोळा करणे, गुरे चारणे, भूमापन, वनसंरक्षण, सैनिकी गस्त, वन्यजीवांचा अभ्यास अशा विविध कारणांनी मनुष्य बिनवाटेच्या रानातून फिरत आला आहे. विसाव्या शतकात यास क्रीडेचे व छंदाचेही स्वरूप आले. समुद्रावर वा वाळवंटात क्षितिज मोकळे असते. अरण्यात मात्र दृष्टी अनेकदा वीस-तीस मीटरांपलीकडे पोहोचत नाही. त्यामुळे दूरची खूण पाहून चालणे शक्य होत नाही व जवळच्या अनेक लहान खुणांची सांगड घालून मार्ग ठरवावा लागतो. हेच वनातील दिशाशोधनाचे वैशिष्ट्य व हीच त्यातील मुख्य अडचण होय.

वाट चुकण्याची कारणे : रानात रात्रभर चालूनही मनुष्य फिरून फिरून त्याच जागी येतो, या अनुभवास महाराष्ट्रात ‘चकवा लागणे’ असे म्हणतात. विशेषतः कोकणात व सह्याद्रीच्या परिसरात तो भुताटकीचा प्रकार मानला जाई. अनुभव खरा आहे. त्याचे कारण मात्र मनुष्याच्या दिग्‌ज्ञानात आहे. जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील माक्स प्लांक संस्थेतील यान सौमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये यासंबंधीचे प्रयोग प्रसिद्ध केले. जर्मनीतील एका विस्तीर्ण व सपाट अरण्यात काही व्यक्तींना शक्य तितके सरळ चालण्यास सांगून उपग्रहीय साधनाने त्यांचा मार्ग नोंदला गेला. आकाश ढगाळ असताना चाललेल्या चौघांचेही मार्ग वर्तुळाकार झाले व त्यांतील तिघांनी आपलाच मार्ग पुन्हा ओलांडला, तरी ते त्यांच्या लक्षात आले नाही. सूर्य दिसत असताना चाललेल्या दोघांचे मार्ग मात्र जवळजवळ सरळ राहिले. डोळे बांधून चालविलेल्या व्यक्ती तर पुष्कळदा वीस मीटरांहूनही कमी व्यासाच्या वर्तुळात फिरल्या. एक पाय दुसऱ्याहून किंचित लांब असल्यामुळे मनुष्य एका बाजूस वळतो, या प्रचलित समजुतीस या प्रयोगांत आधार मिळाला नाही. कारण एकच व्यक्ती कधी डावीकडे तर कधी उजवीकडे वळत असे. ‘सरळ पुढे’ या जाणिवेत पावलागणिक लहान चुका साचत जातात आणि बाहेरची स्थिर खूण नसल्यास त्या दुरुस्त होत नाहीत, असा निष्कर्ष यातून निघतो.

मेंदूत स्थानाची नोंद ठेवणाऱ्या विशिष्ट पेशी असतात, हे जॉन ओकीफ यांनी १९७१ मध्ये दाखविले. मे-ब्रिट व एडवर्ड मोसर यांनी २००५ मध्ये जाळीसदृश रचनेत कार्य करणाऱ्या पेशींचा शोध लावला. या तिघांना २०१४ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. अशा अंतर्गत नकाशालाही बाह्य खुणांचा आधार वेळोवेळी मिळावा लागतो. म्हणूनच रानात नुसत्या अंतःप्रेरणेवर विसंबून चालणे धोक्याचे ठरते.

सूर्य व छाया : सूर्य ‘पूर्वेस’ उगवतो हे विधान स्थूल आहे. तो नेमका पूर्वबिंदूवर केवळ २१ मार्च व २३ सप्टेंबर या दिनांकांच्या सुमारास उगवतो. मुंबईच्या अक्षांशावर जूनच्या अखेरीस तो पूर्वबिंदूच्या सुमारे २५° उत्तरेस, तर डिसेंबरच्या अखेरीस तितकाच दक्षिणेस उगवतो. हे ध्यानी न घेता चालणाऱ्याची तीन किलोमीटरांत सव्वा किलोमीटरांहून अधिक चूक होऊ शकते.

छायेवरून दिशा काढण्याची प्राचीन भारतीय रीत अचूक व सोपी आहे. सपाट जमिनीवर एक काठी (शंकू) उभी रोवून तिच्याभोवती वर्तुळ काढतात. सकाळी छायेचे टोक ज्या बिंदूत वर्तुळाच्या आत शिरते व दुपारनंतर ज्या बिंदूतून बाहेर पडते, ते दोन बिंदू जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम असते. कात्यायन शुल्बसूत्रात यज्ञभूमीच्या आखणीसाठी ही रीत दिलेली आहे. वाटसरूस एवढा वेळ नसतो. तथापि काठीच्या छायेचे टोक प्रथम व पुन्हा अर्ध्या तासाने खुणावून दोन्ही खुणा जोडल्या, तरी स्थूलमानाने पूर्व-पश्चिम रेषा मिळते. पहिली खूण पश्चिमेकडील व दुसरी पूर्वेकडील असते.

घड्याळाचा तासकाटा सूर्याकडे रोखून तो व बाराचा आकडा यांमधील कोन दुभागला असता दक्षिण दिशा मिळते, ही युक्ती अनेक पुस्तकांत आढळते. ती युरोपसारख्या उच्च अक्षांशाच्या प्रदेशात तयार झालेली आहे. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे येथे ती जपून वापरावी लागते. पुणे येथे साधारणतः मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य खस्वस्तिकाच्या उत्तरेस असतो व छाया दक्षिणेस पडते. त्या काळात ही युक्ती सपशेल चुकते. शिवाय भारतीय प्रमाण वेळ ८२·५° पूर्व रेखावृत्तावर आधारलेली असल्याने पुण्याचा माध्यान्ह घड्याळाप्रमाणे बारा वाजता न होता सरासरीने सुमारे ३५ मिनिटे उशिरा होतो.

तारे व चंद्र : ध्रुव ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची पाहणाऱ्याच्या अक्षांशाइतकी असते. म्हणजे पुण्यास तो सुमारे १८·५° इतकाच वर दिसतो. त्यामुळे झाडोऱ्यात वा डोंगराच्या कुशीत तो सहसा झाकला जातो व त्यासाठी माळ, पठार किंवा नदीचे पात्र गाठावे लागते. सप्तर्षींतील क्रतू व पुलह यांना जोडणारी रेषा वाढविली असता ध्रुव सापडतो. सप्तर्षी मावळले असतील तेव्हा शर्मिष्ठेवरून त्याचा अंदाज घेता येतो. हिवाळ्यात मृग नक्षत्र अधिक उपयोगी पडते. त्यातील बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी सर्वांत उत्तरेकडील तारा खगोलीय विषुववृत्ताच्या अगदी निकट असल्यामुळे तो जवळजवळ नेमका पूर्वेस उगवतो व पश्चिमेस मावळतो. चंद्राची प्रकाशित बाजू नेहमी सूर्याकडे असते. म्हणून शुक्ल पक्षात संध्याकाळी ती पश्चिमेकडे व कृष्ण पक्षात पहाटे पूर्वेकडे वळलेली दिसते. पावसाळ्यात मात्र ही सर्व साधने ढगाआड जातात आणि सह्याद्रीत धुकेही असते. वाटा चुकण्यास हा काळ म्हणूनच विशेष अनुकूल असतो.

भूरूपे व पाणी : डोंगराळ अरण्यात जमिनीचा उतार हाच सर्वांत विश्वासार्ह मार्गदर्शक होय, तो अंधारात व धुक्यातही पायांना कळतो. धार, सोंड, खिंड, नाळ, घळ, पठार, कडा यांसारखे शब्द डोंगरी लोकांच्या बोलीत रूढ आहेत व प्रत्येक शब्द चालणाऱ्याच्या दृष्टीने एक निश्चित माहिती देतो. चढताना लहान सोंडा एकत्र येत मुख्य धारेस मिळतात. त्यामुळे वर जाणारा बहुधा माथ्यावर पोहोचतोच. उतरताना नेमके उलट घडते. एकाच धारेला अनेक सोंडा फुटतात आणि पहिल्या शंभर पावलांत चुकीची सोंड धरली, तर पायथ्याशी मनुष्य भलत्याच खोऱ्यात उतरतो. म्हणून धारेवरून उतरू लागण्यापूर्वी थांबून दिशा पडताळणे आवश्यक असते.

‘पाण्याच्या प्रवाहाबरोबर खाली जावे, म्हणजे वस्ती लागते’ हा नियम सर्वत्र सांगितला जातो. तो सखल प्रदेशात खरा ठरतो. २४ डिसेंबर १९७१ रोजी पेरू देशातील ॲमेझॉनच्या अरण्यावर एक विमान कोसळले. त्यातून वाचलेली युलिआने कोएप्के ही सतरा वर्षांची मुलगी ओढ्याच्या व पुढे नदीच्या आधाराने चालत व वाहत गेली आणि अकराव्या दिवशी लाकूडतोड्यांना आढळली. प्रवाह धरून जाण्याची शिकवण तिला अरण्यात संशोधन करणाऱ्या वडिलांकडून मिळाली होती. हाच नियम सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर जिवावर बेतू शकतो. बेसाल्टच्या जवळजवळ आडव्या थरांमुळे तेथील उतार पायऱ्यापायऱ्यांचा असून ओढे एकामागून एक कड्यांवरून कोसळतात. ओढ्यातून उतरणारा मनुष्य एखादा लहान धबधबा कसाबसा उतरतो, पुढे मोठा कडा लागतो आणि मागचा टप्पा चढून जाणेही शक्य होत नाही. अशा प्रदेशात पाण्यापासून दूर राहून सोंडेवरून उतरणे किंवा पुन्हा वर पठारावर येणे हितावह असते. दिशाशोधनाचा कोणताही नियम भूरचनेपासून वेगळा काढता येत नाही, हे या दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते.

वनस्पती व प्राणी यांच्या खुणा : शेवाळ झाडाच्या उत्तर बाजूस वाढते, हा समज समशीतोष्ण प्रदेशातील असून तेथेही तो पूर्णतः खरा नाही. शेवाळास ओलावा व सावली लागते. कोकणातील वा घाटमाथ्यावरील दमट अरण्यात ते खोडाच्या सर्व बाजूंनी आढळते. कुमाऊँ व गढवाल भागांत उत्तरेकडील उतार अधिक ओलसर व दाट झाडीचे, तर दक्षिणेकडील उतार उघडे व गवताळ असतात. ही खूण पुष्कळ अंशी विश्वसनीय आहे. घाटमाथ्याच्या उघड्या कडेवरील झाडे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यामुळे ईशान्येकडे झुकलेली दिसतात. परंतु दऱ्याखोऱ्यांत वाऱ्याची दिशा बदलत असल्याने एकाच झाडावरून अनुमान काढू नये. उत्तर ऑस्ट्रेलियातील एका जातीची वाळवी उत्तर-दक्षिण पसरलेली चपटी वारुळे बांधते. भारतातील वारुळांना असा गुण नाही.

सांबर, गवा, रानडुक्कर यांच्या येण्याजाण्याने पडलेल्या वाटा मनुष्याच्या पायवाटेसारख्या भासतात. खालची जमीन मळलेली, पण कमरेच्या उंचीवर फांद्या आडव्या आलेल्या असतील, तर ती वाट जनावरांची समजावी. अशा वाटा चराईच्या वा पाण्याच्या जागी जातात, फाटे फुटून विरतात आणि गावाकडे नेतीलच असे नाही. याउलट तोडलेल्या फांदीचा सपाट काप, शेणी वा राख या खुणा मनुष्याचा वावर सुचवितात. कोंबड्याचे आरवणे हा वस्तीचा पुरावा मानण्यापूर्वी रानकोंबडाही तसाच आरवतो, हे ध्यानात ठेवावे. कारवीच्या दाट रानात मात्र कोणतीच खूण उपयोगी पडत नाही. डोक्याहून उंच वाढलेल्या या झुडुपांत दहा पावलांवरील सोबतीही दिसेनासा होतो. म्हणून शक्यतो तिला वळसा घालावा.

नकाशा व होकायंत्र : १७६७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाचे १ : ५०,००० प्रमाणाचे स्थलवर्णनात्मक नकाशे या कामी आधारभूत आहेत. त्यांवर २ सेंमी. म्हणजे जमिनीवरील १ किमी. होय व दोन समोच्च रेषांमध्ये सामान्यतः २० मी. उंचीचे अंतर असते. अर्थात १५ मी. उंचीचा सरळ तुटलेला टप्पा दोन रेषांच्या मध्ये दडलेला असू शकतो. नकाशात तो न दिसला, तरी जमिनीवर तो वाट अडवितो.

होकायंत्राची सूची भौगोलिक उत्तर न दाखविता चुंबकीय उत्तर दाखविते. या दोहोंतील कोनास दिक्‌पात म्हणतात. महाराष्ट्रात तो अल्प असल्यामुळे पायी चालण्याच्या कामात सहसा दुर्लक्षणीय ठरतो. जगातील अनेक प्रदेशांत मात्र तो विचारात घ्यावाच लागतो. बेसाल्ट खडकात मॅग्नेटाइट हे खनिज असते. त्यामुळे दख्खनमध्ये कातळावर टेकवून होकायंत्र वाचल्यास सूची विचलित होण्याचा संभव असतो. लोखंड व विद्युत्‌ प्रवाह यांचाही असाच परिणाम होतो. विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्यांमुळे मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय मापने बिघडतील, म्हणून १९०४ मध्ये अलिबाग येथे वेधशाळा सुरू करण्यात आली होती.

दिक्‌कोन ठरल्यावर होकायंत्राकडे पाहत चालणे चूक होय. त्या रेषेतील एखादे ठळक झाड निवडून तेथपर्यंत जावे व तेथून पुढचे झाड निवडावे. झाडी फारच दाट असल्यास सोबत्यास पुढे पाठवून व हाकेने रेषेत आणून टप्प्याटप्प्याने पुढे सरकतात. दिशेत ५° चूक झाल्यास दर किलोमीटरमागे सुमारे ८७ मी. बाजूस जाणे होते. म्हणून ओढ्याकाठच्या झोपडीसारख्या लहान लक्ष्यावर थेट नेम न धरता मुद्दाम त्याच्या एका बाजूचा, समजा उजवीकडचा, नेम धरतात. ओढा लागताच झोपडी डावीकडे आहे हे निश्चित असते. थेट नेम धरणाऱ्यास मात्र कोणत्या बाजूस वळावे हे कळत नाही. दरी, नदी, रस्ता अशा लांबलचक व न चुकणाऱ्या खुणा मर्यादारेषा म्हणून आधीच मनात धरून ठेवाव्यात.

नकाशा व होकायंत्र यांच्या साहाय्याने अरण्यातील ठाणी शोधण्याची शर्यत स्कँडिनेव्हियात सैनिकी शिक्षणातून उदयास आली. तिची पहिली सार्वजनिक स्पर्धा नॉर्वेमध्ये ३१ ऑक्टोबर १८९७ रोजी झाली. स्वीडनमध्ये अर्न्स्ट किलँडर यांनी १९१८ नंतर या खेळास लोकप्रिय केले व १९६१ मध्ये त्याचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला.

अंतर व वेळ : रानात अंतराचा अंदाज बहुधा जास्तीचा होतो, कारण श्रम अधिक झालेले असतात. शंभर मीटरांत आपली किती पावले पडतात हे सपाटीवर व चढावर आधी मोजून ठेवणे, हा त्यावर उपाय होय. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये दर तीन मैलांस (सुमारे ४·८ किमी.) एक तास व दर २,००० फूट (सुमारे ६१० मी.) चढाईस आणखी एक तास, असा नियम सांगितला. तो उघड्या डोंगरांचा आहे. दाट झाडीत तासाला एक किलोमीटर चालणेही कठीण होते. उष्ण कटिबंधात संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांतच सरतो व झाडीखाली अंधार त्याहून लवकर पडतो. म्हणून दिवसाचा निम्मा प्रकाश संपण्यापूर्वी परतीचा निर्णय व्हावा.

उपग्रहीय साधने : अमेरिकेची जागतिक स्थाननिश्चिती यंत्रणा १९९५ मध्ये पूर्णतः कार्यान्वित झाली. तिच्या साहाय्याने आता खिशातील दूरध्वनीवरही आपले स्थान समजते. तथापि दाट पर्णछत्राखाली व खोल दरीत संकेत क्षीण होतात वा कड्यांवरून परावर्तित होऊन चुकीचे स्थान दाखवितात. बॅटरी संपणे ही नेहमीची अडचण आहेच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे साधन ‘आपण कोठे आहोत’ एवढेच सांगते. समोरचा उतार उतरण्याजोगा आहे की नाही, हे सांगत नाही. पडद्यावर पाचशे मीटरांवर दिसणारे गाव सहाशे मीटरांच्या कड्याखाली असू शकते.

वनवासींचे ज्ञान : अरण्यात राहणाऱ्या लोकांचे दिशाज्ञान जन्मजात नसून लहानपणापासून मिळविलेले असते. बोर्निओतील सारावाकच्या पेनान लोकांचे दिग्‌ज्ञान प्रामुख्याने नद्या व ओहोळ यांच्या नामावलीवर आधारलेले आहे. शिवाय काठ्या व पाने विशिष्ट रीतीने मांडून ते मागून येणाऱ्यांसाठी निरोप ठेवतात. रशियाच्या अतिपूर्वेकडील उसुरी प्रदेशाचे मापन करणाऱ्या व्लादिमीर आर्सेन्येव्ह यांना देर्सू उझाला या शिकाऱ्याचे मार्गदर्शन लाभले व त्याच्या नावे त्यांनी लिहिलेला ग्रंथ जगप्रसिद्ध झाला. भारतात जिम कॉर्बेट (१८७५–१९५५) यांनी कुमाऊँच्या रानातील माग, ध्वनी व इशारे यांचे वाचन १९५३ च्या आपल्या जंगल लोअर या पुस्तकात वर्णिले. मराठीत वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांच्या लेखनात आदिवासींच्या वनज्ञानाची विपुल नोंद आढळते. महादेव कोळी, ठाकर, कातकरी, कोरकू, गोंड या जमातींत टेकडी, ओहोळ, देवराई, एवढेच नव्हे तर एकेका मोठ्या झाडालाही नाव असते. नावांची ही साखळी म्हणजे एक पाठ असलेला नकाशाच होय. रानाशी नित्याचा संबंध तुटला की ही नावे एका पिढीतच विस्मरणात जातात व कोणत्याही छापील नकाशातून ती परत मिळत नाहीत.

वाट चुकल्यास : वाट चुकल्याची शंका आल्यावरही मनुष्य बहुधा वेग वाढवितो आणि दिसेल ती खूण आपल्या समजुतीशी जुळवून घेतो. बहुतेक अपघातांची सुरुवात येथे होते. प्रथम थांबावे, बसावे व पाणी प्यावे. निश्चित माहीत असलेले शेवटचे ठिकाण आठवून माग स्पष्ट असेल तरच तेथे परतावे. वाटेत अधूनमधून मागे वळून पाहण्याची सवय येथे उपयोगी पडते. कारण परतीच्या दिशेने तेच रान निराळे दिसते. गटातील व्यक्तींनी शोधासाठी पांगू नये. अंधार पडल्यास कड्यापासून व ओढ्याच्या पात्रापासून दूर, एके जागी रात्र काढावी. एका जागी थांबलेला मनुष्य शोधपथकास सापडणे पुष्कळच सोपे असते. मिनिटास सहा वेळा शिटी वा प्रकाशाचा इशारा, मग एक मिनिट विराम, हा पर्वतीय प्रदेशातील मान्य संकटसंकेत असून मिनिटास तीन इशारे हे त्याचे उत्तर होय. दूरध्वनीस संकेत मिळत असल्यास भारतात ११२ हा आपत्कालीन क्रमांक वापरावा. निघण्यापूर्वी आपला मार्ग व परतण्याची वेळ गावातील कोणास तरी सांगून ठेवणे, ही सर्वांत साधी व सर्वाधिक दुर्लक्षित खबरदारी आहे.

कायदा व शिष्टाचार : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने यांत प्रवेशासाठी परवानगी लागते. मेळघाट, ताडोबा, तसेच २०१० मध्ये घोषित झालेल्या सह्याद्री व्याघ्रप्रकल्पात वाट सोडून स्वेच्छेने हिंडण्यास मनाई आहे. खुणेसाठी झाडांवर घाव घालणे हे भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये राखीव वनात दंडनीय असून त्याऐवजी दगडांची लहान रास वा परतताना सोडवून घेता येईल अशी चिंधी वापरावी. आगट्या पेटवू नयेत. कड्यांवरील आग्या मोहोळांखाली धूर व गोंगाट टाळावा. स्थानिक वाटाड्या घेणे कमीपणाचे मानू नये. तो केवळ वाट दाखवीत नाही. कोणत्या ऋतूत कोणती वाट टाळावी हेही त्यालाच ठाऊक असते.